पेप्टाइड : व्याख्या पाठ, ओळख मात्र नाही



आज एका छोट्याशा शब्दाबद्दल बोलायचं आहे. पेप्टाइड. पुस्तकात तुम्ही तो वाचला असेल, जाहिरातीत ऐकला असेल, कदाचित तोंडाला लावायच्या क्रीमच्या डबीवरही पाहिला असेल. आज मी नुसता धडा समजावणार नाही, माझं एक मतही मांडणार आहे. पटलं तर घ्या, नाही पटलं तर वाद घाला. पण आधी एक प्रसंग सांगतो.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. दहावीला माझ्या वर्गात होता, आता नोकरी करतो आणि संध्याकाळी जिमला जातो. फराळ झाला, चहा झाला. मग त्यानं खिशातून करंगळीएवढी एक काचेची बाटली काढली. रबरी बूच, वर पत्र्याची टोपी, तळाशी चिमूटभर पांढरी भुकटी. लेबलवर बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं की हे फक्त संशोधनासाठी आहे, माणसांच्या वापरासाठी नाही.

"सर, हे पेप्टाइड आहे. माझा खांदा दुखतोय ना, तर जिममधल्या एकानं आणून दिलं. पाण्यात मिसळून पोटाला टोचायचं. महिन्यात बरं वाटतं म्हणाला. तुम्ही विज्ञानाचे, म्हटलं एकदा विचारावं."

मी म्हटलं, "पेप्टाइड म्हणजे काय रे?"

तो हसला आणि धडाधड म्हणून मोकळा झाला, "दोन किंवा अधिक अमिनो आम्ले पेप्टाइड बंधाने जोडली गेली की जी साखळी तयार होते तिला पेप्टाइड म्हणतात."

पैकीच्या पैकी मार्क! हे उत्तर मीच त्याला लिहून दिलं होतं. आणि तरीही हातातली ती भुकटी टोचावी की न टोचावी, हे ठरवायला त्या उत्तराचा त्याला काडीचाही उपयोग नव्हता.

बोलता बोलता मी आईची चौकशी केली. तो म्हणाला, "शुगर वाढलीय सर. डॉक्टरांनी इन्सुलिन सांगितलंय. आठ महिने झाले, पण ती घेतच नाही. म्हणते, एकदा सुई लागली की ती सुटत नाही."

आता बघा. इन्सुलिन हेसुद्धा पेप्टाइडच. एकाच घरात आई शंभर वर्षं वापरात असलेल्या, तावूनसुलाखून निघालेल्या पेप्टाइडला घाबरते, आणि मुलगा कुणी बनवलं, कुठे बनवलं हेही माहीत नसलेलं पेप्टाइड बिनधास्त टोचून घ्यायला निघतो. माझं मत असं की ही दोन्ही एकाच अज्ञानाची फळं आहेत, आणि त्यात आम्हा शिक्षकांचाही वाटा आहे. आम्ही व्याख्या शिकवली, ओळख करून दिली नाही. ती आज करून घेऊया.

अक्षरं, शब्द आणि क्रम

मराठीत मुळाक्षरं मोजकीच आहेत, पण त्यांतून शब्द किती होतात! शरीराचंही तसंच आहे. प्रथिनं घडवणारी अमिनो आम्लं मुख्यतः २०. ती एकापुढे एक जोडली जातात. एका अमिनो आम्लाचं शेपूट आणि दुसऱ्याचं डोकं जुळतं, जुळताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो, आणि जो सांधा तयार होतो तो पेप्टाइड बंध. दहावीला प्रथिनसंश्लेषण शिकताना हा शब्द येतो, आठवतंय ना?

दोन आम्लं जोडली की डायपेप्टाइड, तीन जोडली की ट्रायपेप्टाइड. साधारण पन्नासपर्यंतच्या साखळीला पेप्टाइड म्हणायचं आणि त्याहून लांब, नीट घडी पडलेल्या साखळीला प्रथिन, असा एक ढोबळ रिवाज आहे. पण ही काही दगडावरची रेघ नाही. इन्सुलिनमध्ये ५१ अमिनो आम्लं आहेत. कुणी त्याला पेप्टाइड म्हणतं, कुणी लहान प्रथिन. दोन्ही चालतं.

हा शब्द प्रचारात आणला जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी, १९०२ च्या सुमारास. 'पचलेलं' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दाशी त्याचं नातं आहे. प्रथिनं पचताना जे तुकडे पडतात त्यांवरून ते नाव आलं.

आता खरी गंमत. 'रस' उलटा वाचला की 'सर' होतो. अक्षरं तीच, क्रम बदलला आणि अर्थ बदलला. 'पीठ' आणि 'मीठ' यांत एकाच अक्षराचा फरक, पण भाकरी करताना ती अदलाबदल करून बघा! पेप्टाइडचंही अगदी असंच आहे. ऑक्सिटोसिन आणि व्हॅसोप्रेसिन ही दोन संप्रेरकं घ्या. दोन्ही नऊ-नऊ अमिनो आम्लांची. नऊपैकी सात जागा सारख्या, फक्त दोन वेगळ्या. पण एक प्रसूतीच्या वेळी गर्भाशय आकुंचित करतं आणि दुधाला वाट करून देतं, तर दुसरं मूत्रपिंडाला पाणी राखून ठेवायला सांगतं.

नऊ जागा आणि प्रत्येक जागी २० पर्याय, म्हणजे किती साखळ्या होतील? वीसचा नववा घात काढा. उत्तर येतं ५१,२०० कोटी. हे फक्त नऊ आम्लांच्या साखळ्यांचं झालं. म्हणून "हे पेप्टाइड आहे, चांगलं असतं" हे वाक्य "हा शब्द आहे, चांगला असतो" या वाक्याइतकंच पोकळ आहे. कोणता शब्द? आशीर्वादही शब्द आणि शिवीही शब्दच!

शरीर पेप्टाइडचं काय करतं?

गावाकडच्या मुलांना हे सांगावं लागत नाही. वासरू आचळाला लागलं की गाय पान्हावते. वासराच्या तोंडाचा स्पर्श मेंदूपर्यंत जातो, मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून ऑक्सिटोसिन रक्तात येतं, ते कासेपर्यंत पोहोचतं आणि तिथल्या पेशी आवळल्या जाऊन दूध खाली उतरतं. आपल्या भाषेत 'पान्हा फुटणे' हा शब्द शेकडो वर्षं आहे. त्यामागे नऊ अमिनो आम्लांचा निरोप्या आहे, हे विसाव्या शतकात कळलं. व्हिन्सेंट द्यु व्हिन्यो यांनी १९५३ मध्ये ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत तयार केलं आणि १९५५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं.

निरोप्या हाच शब्द लक्षात ठेवा. पेप्टाइडांचं एक मोठं काम निरोप पोहोचवण्याचं आहे. स्वादुपिंडातून निघणारं इन्सुलिन पेशींना सांगतं की साखर आत घ्या. जेवण झाल्यावर आतड्यातून निघणारं जीएलपी-१ हे पेप्टाइड स्वादुपिंडाला सांगतं की आता इन्सुलिन सोड, आणि मेंदूला सांगतं की पोट भरत आलंय. निरोप पोहोचला की निरोप्याला थांबायचं कारण नाही. जीएलपी-१ रक्तात जेमतेम एक-दोन मिनिटं टिकतं, मग विकरं त्याला कापून टाकतात.

दुसरं काम राखणीचं. ग्लुटाथायोन हे तीन अमिनो आम्लांचं पेप्टाइड आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असतं आणि पेशीला घातक अशा रेणूंना निकामी करतं. काही पेप्टाइडं थेट जंतूंच्या पडद्याला भोकं पाडतात. बेडकाच्या कातडीत ती आहेत आणि आपल्याही कातडीत आहेत.

सुईच का? गोळी का नाही?

हा प्रश्न वर्गात हमखास येतो, आणि त्याचं उत्तर तुम्हाला आधीच माहीत आहे. जठरातलं पेप्सिन आणि पुढे ट्रिप्सिन काय करतात? प्रथिनांच्या साखळ्या तोडतात. त्यांना भाकरीबरोबर आलेलं प्रथिन आणि गोळीतून आलेलं इन्सुलिन यांत फरक कळत नाही. दोन्ही पचवून टाकतात. म्हणून इन्सुलिन टोचावं लागतं. सुई लावण्यात डॉक्टरांचा काही डाव नाही, आपल्या पोटाचा तो स्वभाव आहे.

सेमाग्लुटाइड या औषधाची गोळी २०१९ मध्ये आली हे खरं. पण तिच्यात जठरातून शोषण घडवून आणणारं एक खास संयुग घालावं लागलं, ती उपाशीपोटी घोटभर पाण्यासोबत घ्यावी लागते, आणि एवढं करूनही जेमतेम एक टक्का किंवा त्याहून कमी औषध रक्तात पोहोचतं. शास्त्रज्ञांना एवढा खटाटोप करावा लागत असेल, तर "आमचं इन्सुलिन चूर्ण चघळा, सुई बंद करा" म्हणणाऱ्यावर किती विश्वास ठेवायचा?

आणि 'सवय लागते' याचं काय? इन्सुलिन हे व्यसनाचं द्रव्य नाही. ते तुमचं शरीर रोज स्वतःच बनवतं, किंवा बनवत होतं. स्वादुपिंडाची ताकद कमी पडली की बाहेरून द्यावं लागतं. चष्मा लावल्यानं नजर बिघडते असं म्हणण्यासारखाच हा गैरसमज आहे. काही जणांना ते कायम घ्यावं लागतं, काही जणांचं डॉक्टर नंतर कमी करतात किंवा थांबवतात. हे ठरवायला मदत करणारी एक चाचणीही आहे, तिचं नाव सी-पेप्टाइड. इन्सुलिन तयार होताना साखळीचा मधला ३१ अमिनो आम्लांचा एक तुकडा कापून वेगळा होतो, तो सी-पेप्टाइड. जेवढं इन्सुलिन तेवढेच हे तुकडे. त्यावरून शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतंय याचा अंदाज येतो. बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनमध्ये हा तुकडा नसतो. आहे की नाही सुंदर युक्ती?

अर्थात इन्सुलिनही खेळण्याची गोष्ट नाही. डोस चुकला तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाते. म्हणूनच ते डॉक्टरांच्या सांगण्यानुसार घ्यायचं.

एका चौदा वर्षांच्या मुलाची गोष्ट

कॅनडातलं टोरांटो शहर, जानेवारी १९२२. लिओनार्ड थॉम्प्सन नावाचा चौदा वर्षांचा मुलगा मधुमेहानं अगदी हाडांचा सापळा झाला होता. त्या काळी अशा मुलांसाठी उपासमारीच्या आहाराखेरीज काही नव्हतं, आणि शेवट ठरलेला होता. ११ जानेवारीला त्याला बँटिंग आणि बेस्ट यांनी प्राण्यांच्या स्वादुपिंडातून काढलेला अर्क टोचला. काय झालं? फारसा फायदा झाला नाही, उलट सुई टोचलेल्या जागी गळू झालं. अर्क अशुद्ध होता. पुढचे इंजेक्शन थांबवलं.

मग जेम्स कॉलिप या जीवरसायनशास्त्रज्ञानं दिवसरात्र एक करून तो अर्क शुद्ध केला. २३ जानेवारीला पुन्हा इंजेक्शन दिलं. या वेळी रक्तातली साखर उतरली आणि मुलाच्या अंगात त्राण आलं. तो पुढे तेरा वर्षं जगला.

या गोष्टीत पेप्टाइड दोन्ही वेळा तेच होतं. फरक शुद्धतेचा होता. आणि हा प्रयोग रुग्णालयात, डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर, मुलाच्या वडिलांच्या संमतीनं, नोंदी घेत चालला होता. जिमच्या कपडे बदलायच्या खोलीत नव्हे.

प्रयोगशाळेत साखळी कशी ओवतात?

इन्सुलिनमधली अमिनो आम्लं कोणत्या क्रमानं आहेत हे फ्रेडरिक सँगर यांनी सुमारे दहा वर्षं खपून उलगडलं. १९५८ चं नोबेल त्यासाठी. प्रत्येक प्रथिनाला स्वतःचा ठरलेला क्रम असतो, हे त्यामुळे पक्कं झालं. आपल्याकडे मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये दाखवलं की पेप्टाइडची साखळी वाटेल तशी वळत नाही, अणूंची आपसात धडक होणार नाही अशाच कोनांत वळते. 'रामचंद्रन आलेख' आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वापरतात. आपल्या देशातलं हे काम आपल्या मुलांना माहीत नसावं याचं मला वाईट वाटतं.

त्याच १९६३ साली अमेरिकेत ब्रूस मेरिफील्ड यांनी एक युक्ती काढली. पहिलं अमिनो आम्ल प्लास्टिकसारख्या बारीक मण्याला चिकटवायचं, मग दुसरं जोडायचं, उरलेलं धुऊन टाकायचं, तिसरं जोडायचं, धुवायचं... शेवटी मण्यापासून साखळी सोडवून घ्यायची. गजरा ओवण्यासारखंच! १९८४ चं नोबेल त्यांना मिळालं आणि पेप्टाइड बनवणं यंत्राचं काम झालं.

आता थोडं गणित करा. समजा १५ अमिनो आम्लांची साखळी बनवायची आहे, म्हणजे १४ जोड. प्रत्येक जोड ९९ टक्के यशस्वी झाला, तर शेवटी बरोबर साखळ्या किती? ०.९९ चा चौदावा घात, म्हणजे साधारण ८७ टक्के. उरलेले १३ टक्के काय? कुठेतरी फूल सुटलेले गजरे. ते वेगळे काढावे लागतात, तपासावे लागतात. आणि नुसती रासायनिक शुद्धता पुरेशी नाही. टोचायच्या औषधात जंतू नकोत आणि जंतूंच्या आवरणाचे ताप आणणारे अंशही नकोत. औषध कारखान्यात यासाठी वेगळ्या खोल्या, वेगळी हवा, प्रत्येक घाण्याची तपासणी असते. औषधाचा खर्च वाढतो तो बराचसा यामुळेच.

'फक्त संशोधनासाठी' म्हणजे काय?

आता परत त्या बाटलीकडे येऊ. या शब्दांचा अर्थ नीट समजून घ्या. प्रयोगशाळेत काचेच्या बशीतल्या पेशींवर किंवा उंदरांवर प्रयोग करायला जी रसायनं विकली जातात, त्यांच्यावर हे लिहितात. म्हणजे विकणाऱ्यानं माणसात टोचण्यासाठीच्या तपासण्या केल्याची हमी दिलेली नाही. तो सांगतोय, आम्ही जबाबदार नाही.

पण आपल्याकडे 'संशोधन' या शब्दाला वजन आहे. माझ्या विद्यार्थ्याला वाटलं, संशोधनाचं आहे म्हणजे काहीतरी भारी, अगदी नवं. सावध करणारी ओळ त्यानं शिफारस म्हणून वाचली!

त्याच्या बाटलीवर बीपीसी-१५७ असं नाव होतं. ही १५ अमिनो आम्लांची साखळी आहे. उंदरांमध्ये स्नायू आणि कंडरा लवकर भरून येतात असे प्रयोग झालेत, हे मी नाकारत नाही. पण माणसांवर मोठ्या, नीट आखलेल्या चाचण्या झालेल्या नाहीत. खेळाडूंसाठी तर जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेनं, म्हणजे वाडानं, २०२२ पासून त्यावर बंदी घातली आहे.

तो म्हणाला, "पण सर, ज्यानं दिलं त्याचा खांदा खरंच बरा झाला."

झालाही असेल. पण खांदा किती दिवसांत बरा झाला? पाच-सहा आठवड्यांत. काहीच न टोचता, नुसती विश्रांती घेऊन, असा खांदा किती दिवसांत बरा होतो? बऱ्याचदा तेवढ्याच! म्हणून तर संशोधनात दोन गट करतात. एकाला औषध, दुसऱ्याला नुसतं पाणी, आणि कुणाला काय दिलं हे तपासणाऱ्यालाही माहीत नसतं. दुसरा गट नसेल तर त्याला अनुभव म्हणा, पुरावा म्हणू नका.

नैसर्गिक आहे, मग काय बिघडलं?

हा दुसरा नेहमीचा मुद्दा. "सर, हे तर शरीरातच असतं, नैसर्गिक आहे." कोकणातल्या माणसाला विचारा, विंचू नैसर्गिक आहे का? लाल विंचवाच्या विषातले मुख्य घटक म्हणजे साठ-सत्तर अमिनो आम्लांच्या आसपासची पेप्टाइडं, जी मज्जापेशींची सोडियमची दारं नीट बंद होऊ देत नाहीत. हृदयावर ताण येऊन माणसं, विशेषतः लहान मुलं, दगावायची. महाडच्या डॉ. हिमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध यावर कसं चालतं ते रुग्णांच्या नोंदी ठेवून दाखवलं आणि 'लॅन्सेट'सारख्या नियतकालिकातून जगापुढे मांडलं. संशोधन म्हणजे काय, याचं उदाहरण परदेशात शोधायला नको. ते रायगड जिल्ह्यातल्या एका डॉक्टरानं घालून दिलं आहे.

आणि याच विषांतून औषधंही निघतात. शंखातल्या एका समुद्री गोगलगायीच्या विषातलं पेप्टाइड, झिकोनोटाइड, असह्य वेदनांवरचं औषध म्हणून अमेरिकेत २००४ मध्ये मान्य झालं. गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेतल्या पेप्टाइडवरून मधुमेहाचं एक्झेनाटाइड हे औषध २००५ मध्ये आलं. मघाशी सांगितलेल्या, दोन मिनिटांत तुटणाऱ्या जीएलपी-१ सारखंच काम ते करतं, पण जास्त वेळ टिकतं. आज ज्यांची एवढी चर्चा आहे ती वजन कमी करणारी इंजेक्शनं याच वाटेवरची. विष आणि औषध यांच्यामधलं अंतर 'नैसर्गिक' या शब्दानं कापता येत नाही. मात्रा, मार्ग आणि चाचणी यांनीच ते कापलं जातं.

कोलॅजेनची पावडर आणि वरण-भात

आता जरा घरातल्या गोष्टीकडे. कोलॅजेन पेप्टाइडच्या महागड्या पावडरी तुम्ही पाहिल्या असतील. "प्या आणि तरुण दिसा." कोलॅजेन हे आपल्या त्वचेतलं, हाडांतलं प्रथिन. त्याची तीन पदरी वेणीसारखी रचना उलगडण्याचं मोठं श्रेय पुन्हा रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांचंच.

पण प्यायलेलं कोलॅजेन सरळ गालावर जाऊन बसत नाही. ते पचतं. त्याची अमिनो आम्लं होतात, आणि दोन-तीन आम्लांचे काही तुकडे तसेच शोषले जातात. त्यांचा त्वचेला थोडा उपयोग होतो असं दाखवणारे काही छोटे अभ्यास आहेत, पण जाहिरातीतल्या दाव्याएवढं बळ त्यांत नाही. आणि एक गंमत सांगू? कोलॅजेनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतंच. उलट आपल्या डाळीत लायसिन भरपूर, मेथिओनिन कमी. भातात मेथिओनिन बरं, लायसिन कमी. एकत्र जेवलं की एकमेकांची उणीव भरून निघते. अमिनो आम्लांचा हा हिशोब कुणाला माहीत नसतानाही आपल्या आज्या वरण-भात आणि भाकरी-पिठलं वाढत होत्या.

गोरेपणासाठी शिरेतून ग्लुटाथायोन देणाऱ्यांची गोष्टही तशीच. पेशीत ते मोलाचं आहे, म्हणून बाहेरून शिरेत ओतलं की फायदाच होईल असं होत नाही. फिलिपीन्सच्या औषध प्रशासनानं अशा वापराबद्दल लोकांना जाहीर इशारा दिला होता. आणि सावळा रंग हा आजारच नाही, तर औषध कशावर?

मग सरसकट बंदी घालावी का?

काही जण म्हणतील, एवढा धोका असेल तर सगळंच बंद करा. मला हे पटत नाही. ऑक्सिटोसिनचंच बघा. दुभत्या जनावरांना ते टोचण्याचा गैरप्रकार होतो म्हणून २०१८ मध्ये केंद्र सरकारनं खासगी कंपन्यांना देशातल्या वापरासाठी ते बनवायला मनाई करणारा आदेश काढला. पण प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबवणारं तेच तर महत्त्वाचं औषध! ते वेळेवर मिळालं नाही तर बाळंतिणीचा जीव जातो. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला. गैरवापर थांबवायलाच हवा, पण औषधाला गुन्हेगार ठरवून नव्हे.

माझं म्हणणं एवढंच की लोकांना प्रश्न विचारता आले पाहिजेत. कुणीही तुमच्यासमोर पेप्टाइड ठेवलं की हे चार प्रश्न विचारा.

१. कोणतं पेप्टाइड? पूर्ण नाव सांगा.
२. शरीरात कोणत्या मार्गानं जाणार? तोंडातून असेल तर पोटात टिकणार कसं? टोचायचं असेल तर निर्जंतुक असल्याची हमी कुणाची?
३. माणसांवर चाचणी झाली का? आणि दुसरा गट होता का?
४. काही बिघडलं तर जबाबदार कोण? डॉक्टरांची चिठ्ठी, औषध दुकानाचं बिल, बॅच क्रमांक, यांतलं काय हातात आहे?

आणि माझ्या शिक्षकबंधू-भगिनींना विनंती. पुढच्या वेळी पेप्टाइड बंध शिकवाल तेव्हा फळ्यावर व्याख्या लिहून पुढे जाऊ नका. इन्सुलिनची एक रिकामी बाटली किंवा खोकं वर्गात न्या. लेबल मोठ्यानं वाचायला लावा. किती अंशांवर ठेवायचं, मुदत कधीची, बनवणारा कोण. दहा मिनिटं लागतील. मीही इतकी वर्षं ती दिली नव्हती, ही माझी चूक. यंदापासून देतो आहे.

त्या संध्याकाळी माझ्या विद्यार्थ्यानं हे चारही प्रश्न त्या बाटलीला लावून पाहिले. पहिल्याचं उत्तर लेबलवर होतं, पण ते खरं आहे हे तपासायची सोय नव्हती. पुढच्या तिन्हींना उत्तरच नव्हतं. मग मी त्याला तेच प्रश्न आईच्या इन्सुलिनला लावायला सांगितले. चारही उत्तरं मिळाली. तो बराच वेळ गप्प बसला.

आठवड्यानं फोन आला. खांदा हाडांच्या डॉक्टरांना दाखवला होता, त्यांनी व्यायाम सांगितले आणि काही दिवस वजन उचलणं बंद केलं. बाटली न उघडता त्यांच्याच दवाखान्यात दिली, औषधांच्या कचऱ्यात टाकायला. मग त्यानं फोन आईकडे दिला.

"सर, हा म्हणतोय की माझं शरीरच ते बनवत होतं म्हणून. खरं का हो?"

मी म्हटलं, "अगदी खरं, वहिनी. तुमच्या स्वादुपिंडाला आता थोडी मदत हवी आहे, एवढंच."

"बरं," त्या म्हणाल्या, "उद्या जाते मग. पण सुई बारीक असते ना?"

हो, अगदी बारीक असते. तुमच्याही घरात कुणी असं टाळत असेल, तर आज त्यांच्याजवळ पाच मिनिटं बसा आणि त्यांना पान्ह्याची गोष्ट सांगून सुरुवात करा.